आठ दिवस आधी कळवावे

ता. १२ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण एकमेकांवर ओरडतो आणि शेवटी तू काही ऐकू येत नाही म्हणून ठेवून देतेस, त्यापेक्षा हे बरं. निदान शाई ओरडत नाही. शाळेत सहामाहीचे गणिताचे पेपर आलेत. एका महाभागानं घनफळ काढताना उत्तर उणे आणलं आहे. त्याच्या खोलीत काय भरून ठेवलंय देव जाणे.

मुद्द्याचं लिहितो. आपल्या या उत्तरेकडच्या डोंगरातली बर्फाळ थंडी तोंडावर आली. जिन्याखालच्या खोलीतला घर तापवणारा आपला गॅसचा बॉयलर बाबांनी बसवला तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. आता त्याला सन्मानानं निवृत्त करू. त्याच्या जागी हीट पंप घ्यायचा माझा विचार पक्का झाला आहे. घाबरू नकोस, सोपं आहे. फ्रिज आतली ऊब ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, हा पंप उलटं करतो. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतो. एक भाग वीज खातो आणि तीन-साडेतीन भाग ऊब देतो. ज्वाळा नाही, धूर नाही, काडी पेटवणं नाही.

बाबा गेले तेव्हा मी म्हटलं होतं ते तुझ्या लक्षात असेलच. बॉयलरनं एकदा जरी तुला त्रास दिला, तर घराला कुलूप आणि तू कायमची माझ्याकडे. ती वेळ येण्याआधीच नवं यंत्र आलेलं बरं.

पंप किती मोठा घ्यायचा ते घर किती ऊब खातं त्यावर ठरतं. म्हणून मला बाबांच्या पद्धतीचे आकडे हवेत. दर रविवारी सकाळी गॅसच्या मीटरचा आकडा लाल पेन्सिलीनं कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा, हे तू अजून पाळतेस ना? बाबांनंतरच्या तिन्ही हिवाळ्यांचे आकडे उतरवून पाठव.

खोकला कसा आहे? माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाळ


ता. २० ऑक्टोबर

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. बाहेर बोटं गळून पडतील अशी थंडी असताना त्या हवेतून ऊब काढायची म्हणजे फारच झालं. पण तू गणितातला, तू म्हणतोस तर असेल. मला मात्र नव्या यंत्राची काही गरज दिसत नाही. घर छान उबदार असतं. एकट्या बाईला लागतं तरी किती? बॉयलरची काही तक्रार नाही, गरीब बिचारा, एका कोपऱ्यात गुपचूप असतो.

कॅलेंडर पाळते, न पाळून कसं चालेल? तुझे बाबा सांगायचे की चुकीचा आकडा लिहिण्यापेक्षा चौकोन कोरा ठेवावा. तीन वर्षांत एकही चौकोन कोरा नाही आणि एकही आकडा खोटा नाही. सगळे उतरवून सोबत जोडले आहेत. उतरवताना दोनदा वाटलं की कशाला पाठवायचे, राहू दे. पण तू मागितलेस आणि पद्धत त्यांची, त्यामुळे पाठवते. फार खोलात शिरू नकोस, पेपर तपास.

खोकला येतो-जातो. डोकंही बरं आहे. ते दुखतं फक्त तुम्ही येऊन जाता तेव्हा, दोन दिवस नुसतं जड होतं. तुमच्या गोंगाटाची सवय मोडली आहे आता, दुसरं काय.

यंदा कधी येणार ते ठरलं की आठ दिवस आधी कळव. ऐन वेळी दारात उभा राहू नकोस. माझी तयारी असते.

प्रकृतीला जप. आईला विसरत नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहिते की विसरू नकोस.

तुझी,
आई


ता. २६ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न.

बस खाली आधी. उभ्यानं वाचण्यासारखी बातमी नाही ही. आईनं कॅलेंडरवरचे आकडे पाठवले. मी हिवाळ्याचा शेवटचा आकडा घेतला, त्यातून पहिला वजा केला, तिन्ही वर्षांचं केलं आणि तोंडात बोट घालून बसलो. आपलं ते एवढं मोठं घर माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडापेक्षा कमी गॅस खातं! निम्म्याहूनही कमी!

आठवतं ना, बाबा सांगायचे की मी भिंत दुहेरी बांधली आहे, मधे पोकळी सोडली आहे, या घरातून ऊब बाहेर जायला परवानगी मागेल. आपण हसायचो. तू तर त्यांची नक्कल करायचीस. आता बघ, आकडेच बोलतात. माझा ऊर भरून आला. नकाशे काढण्यात उभा जन्म घालवलेला माणूस स्वतःच्या घराच्या भिंतीत काय अक्कल ओतून गेला!

तेव्हा पंपाचं ठरलं. सगळ्यात लहान, चार किलोवॅटचा. गरजेपेक्षा मोठा पंप घेतला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो, वीज जास्त खातो आणि लवकर झिजतो. लहान पंप संथपणे दिवसभर चालतो आणि त्याच्यातच खरी बचत आहे. बसवणारी कंपनी म्हणते, आमची बाई आधी घर मोजून जाईल. मी कळवलं की मोजायची गरज नाही, आमच्याकडे तीन वर्षांचे आकडे आहेत. तरी त्यांचा नियम म्हणे. येऊ दे, बघू दे तिला बाबांची भिंत.

तुझ्या चिमीला पापा. तुझ्या रागावर आणि प्रेमावर माझा सारखाच हक्क आहे, दोन्ही चालू ठेव.

तुझा,
बंधुराज


ता. ३१ ऑक्टोबर

चि. बंधुराजांस,

आशीर्वाद. (वयानं चारच वर्षं मोठी आहे, पण तुझी पत्रं वाचली की चाळीसनं मोठी असल्यासारखं वाटतं.)

पत्रभर बाबांची भिंत आणि आई फक्त आकडे पाठवण्यापुरती. शाबास. अरे, त्या पोकळ भिंतीत ती बिचारी राहते, तिला एकदा विचारलंस का की तुला बाई कसला पंप हवा? आवाज किती होतो त्याचा? बटणं किती? तिला रिमोट दिलास तर ती तो कपड्यांच्या घडीत ठेवून विसरेल, मग बसा शोधत.

पण घर उबदार असतं हे खरं. मागच्या फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा मला तर घाम फुटला होता, स्वेटर काढून बसले होते. तरी आई खिडकी उघडू देईना. चिमीला तिथे दोन वेळा उलटी झाली, तेव्हा वाटलं प्रवास सोसला नाही. मला स्वतःला परत येईपर्यंत डोकेदुखीनं हैराण केलं. आईच्या बोटांवर लाल-निळे चट्टे होते. विचारलं तर म्हणाली भांडी गार पाण्यात धुते. मी तिला मलम लावून दिलं आणि दोन शब्द सुनावले. मी वॉर्डात परक्या लोकांना सुनावते तसेच.

त्या मोजणीवाल्या बाईला येऊ दे आणि ती काय म्हणते ते नीट ऐक. तुला दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

थोडं प्रेम माझ्यासाठी शिल्लक ठेव, सगळं भिंतीवर उधळू नकोस.

तुझी,
ताई


ता. १४ नोव्हेंबर

स. न. वि. वि.

आपल्या आईंच्या घराची मोजणी मी काल केली. सविस्तर तक्ता कंपनीकडून येईल. पण आपण चार किलोवॅटचा पंप आधीच ठरवला आहे असं कळलं, म्हणून तातडीनं आणि स्वतःच्या हातानं लिहीत आहे.

आपण पाठवलेला आकडा या घराशी जुळत नाही. दुहेरी भिंत फक्त उत्तरेची आहे. बाकी तिन्ही साध्या एकेरी आहेत. छताखाली ऊब अडवणारं काही भरलेलं नाही आणि खिडक्यांच्या चौकटींतून वारा येतो. कडाक्याच्या थंडीत हे घर पुरतं गरम ठेवायला नऊ किलोवॅट लागतील. आपल्या हिशेबानं ते चारात भागतं. मी तीनदा मोजलं.

मी गेले तेव्हा बाहेर तीन अंश तापमान होतं. घरात : बैठकीची खोली नऊ अंश. झोपायची मोठी खोली आठ. वरची खोली सात. स्वयंपाकघर सोळा. स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप लगेच घेता आलं नाही, कारण खिडकीला लागून खाट आहे. खाट सरकवून घेतलं आणि परत होती तशी लावून दिली.

बॉयलर मी चालू करून पाहिला. धुराड्यात पाखरांचं घरटं आहे आणि आत काजळीचे थर बसले आहेत. अठराव्या मिनिटाला माझ्या हातातलं विषारी वायू मोजायचं यंत्र वाजायला लागलं. या वायूला वास नसतो आणि तो दिसतही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस झोपतो आणि उठत नाही. मी बॉयलर बंद केला, त्याचा गॅस तोडला आणि सील लावलं. तो पुन्हा कुणीही चालू करू नये. विजेवरचे दोन हीटर आमच्याकडचे ठेवून आले आहे. ते परत करायची घाई नाही.

आपल्या आईंनी काही गोष्टी तुम्हाला कळवू नका अशी विनंती केली. त्या मी लिहीत नाही. मोजलं तेवढंच लिहिलं आहे.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
मोजणी करणारी इंजिनिअर


ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न.

त्या इंजिनिअर बाईचं पत्र सोबत आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मला पहिल्यांदा काय झालं सांगू? डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मोठा पंप खपवायचाय बाईला. बाबांच्या भिंतीला नावं ठेवते! हिला गणितानंच गप्प करतो म्हणून आईचे आकडे पुन्हा काढले आणि या वेळी एकेक आठवडा वेगळा मांडला. वर्गात मुलांच्या मागे लागतो ना मी, पायऱ्या दाखवा, पायऱ्या दाखवा म्हणून. आणि स्वतः शेवटच्यातून पहिला वजा करून मोकळा झालो होतो.

ताई, ऐन जानेवारीत आठवड्याला सहा युनिट. सात. सहा. पाच. एवढा गॅस तर नुसत्या स्वयंपाकाला लागतो. मग एकदम एकसष्ट. मग पुन्हा सहा, सहा, सात. मला वाटलं आईनं उतरवताना चूक केली. पण असे उंचवटे तीन वर्षांत सात. मी आईची जुनी पत्रं काढली आणि तारखा लावल्या. पहिला उंचवटा, मी गेलो होतो तो डिसेंबर. दुसरा, तुम्ही तिघं गेला होतात. तिसरा मी. मागचा फेब्रुवारीचा, तुझा घाम फुटलेला.

आपण गेलो तेव्हाच घर तापलं. एरवी तीन हिवाळे आई थंडीत राहिली आहे. स्वयंपाकघरात, शेगडीच्या आधारानं. तिथे खाट टाकून.  आठ दिवस आधी कळव, माझी तयारी असते, म्हणायची. ही तयारी!

आणि घर तापवायला ती तो बॉयलर लावायची. आपल्यासाठी. मग आपण जेवून, गप्पा मारून, त्या हवेत झोपून परत यायचो आणि ती दोन दिवस जड डोक्यानं पडून राहायची. मी तिला लिहिलंय, की ज्वाळा नाही, धूर नाही. काय लिहिलंय मी!

अजून संपलं नाही. सहा उंचवटे जुळले. सातवा जुळेना. मागल्या वर्षी जानेवारीचा तिसरा आठवडा, अठ्ठावन्न. तेव्हा कुणीच गेलं नव्हतं. मला वाटलं चला, एकदा तरी ती स्वतःसाठी ऊब घेऊन राहिली. मग तिचं त्या वेळचं उत्तर सापडलं. मी येतो म्हणून कळवलं होतं आणि परीक्षेच्या कामात अडकलो म्हणून ऐन वेळी रद्द केलं. माझं दुसरं पत्र तिला सोमवारी मिळालं. रविवारपर्यंत ती घर तापवून माझी वाट बघत बसली होती.

मी येत्या शनिवारी जातो आहे. घराला कुलूप लावतो आणि तिला घेऊनच येतो. आता तिचं काही ऐकणार नाही.



तुझा,
भाऊ


ता. १८ नोव्हेंबर, सकाळी, आईच्या स्वयंपाकघरातून

चि. भावास,

आशीर्वाद.

पत्रावरची जागा वाचून चमकू नकोस. तुझं पत्र काल दुपारी हातात पडलं, मी वॉर्डात रजा सांगितली आणि निघाले. हे पत्र आजच्याच गाडीनं पाठवते, शनिवारच्या आत तुला मिळायला हवं. फोन करणार होते, पण फोनवर तुझा आवाज चढला असता आणि माझा फुटला असता. मग आईनं दोन्हीकडचं ऐकलं असतं.

न कळवता आले. दार उघडलं तेव्हा आईच्या अंगावर बाबांचा जाड कोट, डोक्याला मफलर, पायांत दोन-दोन मोजे. मला बघून तिचं तोंड पांढरं पडलं. आनंद नाही झाला रे तिला. चोरी पकडली गेल्यासारखी ती म्हणाली, अगं, कळवलं नाहीस. मी तिला मिठी मारली तर कोटाच्या आत किती कमी आई उरली आहे ते कळलं.

मी वीस वर्षं नर्स आहे. बोटांवरचे ते चट्टे थंडीचे, हे मी झोपेतही ओळखीन. चिमीच्या उलट्या, माझं डोकं, आईचं जड डोकं, हे तीन कागद कुणी समोर ठेवले असते तर एका मिनिटात सांगितलं असतं की आधी खिडक्या उघडा. पण ते आपल्या घरात होतं. आपल्या घरात काही वाईट होत नाही, असं धरून चालले होते मी. मलम लावून आले. रात्रभर तेवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

आता माझं ऐक. कुलूप आणू नकोस. तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही, पण तू शनिवारी येतोस एवढं सांगितलं. तर तिनं काय केलं असेल? कपाटातून बॅग काढली, दोन साड्या भरल्या आणि खाटेवर हात मांडीत ठेवून बसली. तिनं विचारलं, शनिवारी सकाळी येणार की दुपारी. अशी विचारते जणू तू पकडायलाच येतो आहेस. मी विचारलं, आई, हे सगळं का? तिनं कागद-पेन मागितलं. तुलाच लिहिते म्हणाली. तिचं पत्र याच पाकिटात आहे. मी वाचलेलं नाही.

आधी ते वाच, मग काय यायचं ते ये.

तुझ्यावर राग नाही. असला तरी निम्मा माझ्या वाटणीचा आहे.

तुझी,
ताई


ता. १८ नोव्हेंबर

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

ताईनं सांगितलं की तुला सगळं कळलं आहे. आकडे पाठवले तेव्हाच वाटलं होतं की तू ओळखशील. शब्द मी पाहिजे तसे लिहिले, पण ते आकडे खोटे लिहायला हात धजला नाही. त्यांची पेन्सिल हातात घेऊन खोटं कसं लिहू?

झालं ते सांगते. तुझे बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, थंडी नुकती सुरू झाली तेव्हा, एका सकाळी बॉयलर लावला तर आत धडाम झालं. त्याचं पुढचं झाकण उडून जिन्यावर आपटलं आणि माझी डावी भुवई जळली. तू विचारलंस तेव्हा शेगडीवर वाकले होते असं सांगितलं. त्या दिवशी दुपारपर्यंत मी पायरीवर बसून होते. तुला फोन लावायला उठलेसुद्धा. आणि मग तू तेराव्या दिवशी बोललेलं आठवलं. बॉयलरनं एकदा जरी त्रास दिला, तर घराला कुलूप. तू मायेनंच बोललास रे. पण मला अलीकडे सगळं अर्धवट ऐकू येतं, तेवढं एकच वाक्य नीट ऐकू आलं होतं.

म्हणून ठरवलं की त्रास झालाच नाही. बॉयलर लावायचाच नाही, म्हणजे तो त्रास देणार नाही. तुम्ही यायचात तेव्हा मात्र इलाज नसे. तेव्हा जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी राहून झाडूच्या दांड्यानं बटण दाबायची आणि डोळे मिटून घ्यायची. धडाम झालं की समजायचं, लागला. त्यात विष आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला आणि चिमीला मी त्या हवेत झोपवलं, ते त्या मोजणीवाल्या बाईनं सांगितलं तेव्हा मी भिंतीला धरून उभी राहिले. थंडीचं मला काही वाटलं नव्हतं. याचं मात्र वाटतं आणि ते आता मरेपर्यंत वाटत राहील.

तू म्हणशील की आई, माझं घर म्हणजे तुझंच. आहेच. पण तिथे मी तुमची पाहुणी. इथे डोळे मिटून मला दिव्याचं बटण सापडतं. एकेचाळीस वर्षं मी इथे सकाळचं दार उघडलं आहे. मला इथे राहायचं आहे, बाळ. एवढंच मागते. तरीही तू न्यायचं ठरवलं असशील तर बॅग भरून ठेवली आहे. भांडणार नाही.

उत्तरेची एकच भिंत दुहेरी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बाकीच्या तिन्हींच्या वेळी विटा कमी पडल्या. त्यांना बढाई मारायला आवडायचं, मी कशाला मोडता घालू?

रागावला असशील तर राग, पण आईवरच. ताईवर नको.

तुझी,
आई


ता. २० नोव्हेंबर

ती. आईस,

सा. न. वि. वि.

उद्या सकाळी निघतो आहे. हे पत्र माझ्या खिशातूनच येईल आणि दारात तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेलो तर मी आधी रडेन आणि मग ओरडेन, आणि तुला दोन्ही नीट ऐकू येणार नाही. म्हणून लिहून आणतो आहे. बॅग तशीच असेल तर आधी रिकामी कर. मग वाच.

ते वाक्य मी बोललो होतो. आठवतं मला. पाहुण्यांसमोर बोललो, जबाबदार मुलगा दिसावा म्हणूनही बोललो असेन. बोललो आणि विसरलो. तू ते तीन हिवाळे अंगावर काढलंस. गेल्या महिन्यात पुन्हा पत्रात लिहून पाठवलं मी ते, थट्टेत! आई, ते वाक्य मी परत घेतो. चुकलं होतं. घर तुझं आहे आणि त्याला बाहेरून कुलूप लावायचं कधी, ते तू ठरवशील. यंत्र बिघडलं तर यंत्र बदलायचं, माणूस नाही. एवढी साधी गोष्ट मी मुलांना शिकवली असती, मला कुणी शिकवली नाही.

जानेवारीच्या त्या आठवड्याबद्दल काय लिहू? मी आलो नाही. तू घर तापवून बसली होतीस. 

पंपाचं सांगतो. त्या इंजिनिअर बाईंशी काल तासभर बोललो आणि या वेळी ऐकलं. आधी छताखाली जाड थर भरायचा आणि खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. मग नऊची गरज सातावर येते आणि सात किलोवॅटचा पंप पुरतो. त्या म्हणाल्या की आधी घर नीट करा, मग यंत्र निवडा. मी उलटं केलं होतं. बाहेरचा डबा कुठे बसवायचा ते तू सांग. त्याचा घूं घूं आवाज होतो, फार नाही. झोपायच्या खोलीपाशी नको एवढंच मला कळतं. रिमोट नाही. भिंतीवर एकच गोल बटण, ते फिरवायचं. झाडूची गरज नाही.

तोवर त्यांचे हीटर आहेत, ताई आहे, मीही पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. पेपर तिथे तपासीन.

बोलण्याची अक्कल कमी असली तरी मुलगा तुझाच आहे. जवळ कर.

तुझा,
बाळ


ता. २८ जानेवारी

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पंप बसवायला येऊन तू गेल्यावर दोनच आठवडे झाले, पण सांगण्यासारखं बरंच साठलं. बाहेर उणे पाच आहे. बैठकीत वीस, झोपायच्या खोलीत एकोणीस, वर अठरा. खाट आपण हलवली होती ती पुन्हा स्वयंपाकघरात आली नाही. पहिले चार दिवस मोठ्या खोलीत झोपच येईना, एवढी जागा कुणाची असं वाटायचं. आता येते. बोटं सुधारली. ताई दर पत्रात दहाही बोटांची चौकशी करते, जणू मी एखादं विकून टाकीन.

पंप मागल्या ओट्यापाशी घूं घूं करत असतो. पहिल्या रात्री घाबरून दोनदा उठले, धडाम कधी होतं म्हणून. झालं नाही. आता तो थांबला की जाग येते. ती मोजणीवाली बाई परवा तपासायला आली होती. तिला मी बसवून चहा दिला. म्हटलं, बाई, मी नको म्हटलेलं तू लिहिलं नाहीस आणि तरी सगळं लिहिलंस. तिनं हसून आणखी अर्धा कप मागितला.

कॅलेंडरवर आता विजेच्या मीटरचा आकडा लिहिते. लाल पेन्सिल संपत आली आहे, पुढच्या वेळी आण. या रविवारी आकडा मोठा आला तेव्हा हात जरा अडखळला. मग म्हटलं, मोठा तर मोठा, खरा आहे.

आणि एक. येण्याआधी आठ दिवस कळवायचं, हा माझा नियम आजपासून मोडला. यायचं तेव्हा ये. कळवू नकोस.

घरात सगळीकडे ऊब आहे, तुझ्या वाटणीचीही रोज असते.

तुझी,
आई